अकरा नंबरवरची बाई

टँकरमधला जुना रेडिओ बंद पडला होता आणि त्या जागी नवा बसवायचा होता, एवढंच ते काम. दुपारच्या सुट्टीत उरकण्यासारखं. त्यात कुणाला भिण्यासारखं काही वाटलं असतं तर वेड्यातच काढलं असतं त्याला.

डोंगरावर दगडाची खाण होती आणि पायथ्याशी खडी फोडायचा कारखाना. दोन्हींच्या मधे एकच रस्ता, तोही एका गाडीपुरता. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला नुसती हवा. रिकामे डंपर वर जायचे, भरलेले खाली यायचे. वाटेत दोघं समोरासमोर आले तर मागे सरायला जागा नव्हती. म्हणून ठिकठिकाणी कातळ कोरून, गाडी बाजूला उभी राहील एवढी जागा केली होती. ड्रायव्हर लोक तिला खिसा म्हणत. प्रत्येक खिशापाशी नंबराची पाटी. पाटी आली की रेडिओवर सांगायचं: कोण आहे, कुठल्या पाटीवर आहे, चढतोय की उतरतोय. भरलेली गाडी उतरत असली की चढणाऱ्याने गुमान खिशात शिरायचं आणि ती जाईपर्यंत थांबायचं. त्या रस्त्यावर ब्रेकच्या खालोखाल मान होता तो रेडिओला. काही जण तर म्हणायचे, ब्रेकच्याही वर.

पाण्याचा टँकर चालवायच्या त्या वहिनी. धूळ बसावी म्हणून दिवसभर रस्त्यावर पाणी मारत वर जायचं, खाली येऊन पुन्हा भरायचं. त्या रस्त्यावर गाडी चालवणारी बाई ती एकच. त्यांचा नवरा पायथ्याच्या वर्कशॉपमध्ये रेडिओ दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्यांना वहिनी म्हणत. खरं तर नोकरीला त्या नवऱ्याच्या आधी लागल्या होत्या. पण नाव पडलं ते पडलं.

त्या दुपारी नवरा टँकरच्या केबिनमध्ये पाय बाहेर लोंबकळत ठेवून उताणा पडला होता, तोंडात स्क्रू धरून.

"यात स्कॅन आहे," तो आतूनच म्हणाला.

"म्हणजे काय?"

त्याने स्क्रू हातात घेतले. "म्हणजे हा एका चॅनेलवर बसून राहत नाही. सगळे चॅनेल फिरत राहतो. जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबतो आणि तुला ऐकवतो. बोलणं संपलं की चार-पाच सेकंद वाट बघतो आणि पुन्हा फिरायला लागतो. तेवढ्यात तू बटण दाबलंस तर तुझं उत्तरही तिथेच जातं. चॅनेल बदलत बसायला नको."

"मला काय करायचंय? रस्ता चारवर बोलतो. मला चार ऐकू आला की झालं."

"अगं, पण सुरुंगवाले सातवर बोलतात. वर सुरुंग उडवणार आहेत हे तुला आधी कळलेलं बरं की नाही?"

"आणि हा तुमचा सेट सातवर जाऊन गप्पा ऐकत बसला, आणि तेवढ्यात चारवर कुणी 'उतरतोय' म्हणालं तर?"

प्रश्न बिनतोड होता. "चारवर आधी लक्ष ठेव असं सांगता येतं त्याला," तो म्हणाला. "ती सोय करायची राहिलीये. सवडीने करून देतो."

"घरात एका माणसाचं ऐकून कान किटले," वहिनी म्हणाल्या, "आता सोळा चॅनेलांचं ऐका."

खाली उभे असलेले दोघं-तिघं हसले. नवराही हसला. रेडिओ बसला, स्कॅन चालू झाला, आणि ती सवड काही झाली नाही. रोज काहीतरी बिघडून यायचंच.

पहिले काही दिवस वहिनींना त्या सेटचा वैताग आला. वजनकाट्यावरचे लोक जेवायला कधी जायचं यावर वाद घालत, तोही ऐकू यायचा. मग एका सकाळी, वरच्या वळणांवर पाणी मारत असताना, सेट फिरता फिरता थांबला आणि एक बाई बोलली.

"आज धूळ कमी आहे."

बस, एवढंच. आवाज हळू होता, पण दूरचा नव्हता. शेजारच्या सीटवर बसून कुणी खिडकीबाहेर बघत बोलावं तसा. वहिनींनी सेटकडे पाहिलं. छोट्या काचेवर अकरा आकडा होता.

त्यांनी माइक उचलला. "कोण बोलतंय?"

"मी. पलीकडून."

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दुसरी एक खाण होती. तिथली कुणी असेल, वहिनींना वाटलं. आपल्यासारखीच, एकटी, पाण्याची गाडी घेऊन फिरणारी. इतकी वर्षं त्या पुरुषांच्या आवाजात काढली होती त्यांनी. बाईचा आवाज ऐकून त्यांना एवढं बरं वाटलं, की त्या आवाजात काहीतरी कमी आहे हे बऱ्याच उशिरा ध्यानात आलं. रेडिओवर कुणीही बोललं की त्याच्या बोलण्यामागे इंजिन गुरगुरतं, वारा वाहतो, काहीतरी खडखडतं. हिच्या बोलण्यामागे काहीच नव्हतं. गाडी बंद करून बोलत असेल, असं म्हणून वहिनींनी तो विचार सोडून दिला.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अकरावर कोण असतं हो?"

"अकरावर? कुणी नाही. रिकामा आहे तो."

"पलीकडच्या खाणीतली बाई बोलली माझ्याशी. गाडी चालवते."

"तिकडे बाई गाडी चालवते असं कधी ऐकलं नाही मी."

"इथलं तरी तिकडे कुणी ऐकलंय?"

तो हसला आणि हात धुवायला गेला.

मग ते रोजचंच झालं. सेट अकरावर थांबला की वहिनी लगेच बटण दाबायच्या, म्हणजे तो पुढे सरकायचा नाही. बोलणं फार नसायचं. पलीकडची थोडंच बोलायची, पण जे विचारायची ते नेमकं विचारायची. पाठ दुखते का. घरी गेल्यावर कुणाशी बोलावंसं वाटतं का. एकदा म्हणाली, "एकट्याच असता?"

"हो, केबिनमध्ये दुसरं कोण असणार?"

"मीपण एकटीच."

आणि एकदा, उतारावर, मधेच म्हणाली, "पुढचा डावा टायर बघा."

वहिनींनी पुढच्या खिशात टँकर घेतला आणि खाली उतरून पाहिलं. टायर निम्मा बसला होता. आणखी दोन वळणं पुढे गेल्या असत्या तर टँकर त्यांना घेऊन हवेच्या बाजूला गेला असता. त्या चाकापाशी उकिडव्या बसल्या. ओल्या धुळीचा वास येत होता, तापलेल्या ब्रेकचा करपट वास येत होता, आणि वर केबिनमध्ये सेट पुन्हा फिरायला लागल्याची बारीक टिकटिक चालू होती. पलीकडच्या खाणीतून या रस्त्यावरचा टायर कसा दिसतो, हा प्रश्न त्यांना तेव्हाच पडला. पण जीव वाचवणाऱ्या माणसाला असले प्रश्न विचारवत नाहीत. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

तो विषय नवऱ्यानेच काढला. वर्कशॉपच्या मागच्या पायरीवर दोघं डबा खात बसले होते.

"तू रेडिओवर फार बोलतेस हल्ली."

"ऐकता होय?"

"माझ्या टेबलावरचा सेट स्कॅनवरच असतो. अकरावर थांबतो आणि तुझा आवाज येतो. तू काहीतरी विचारतेस. मग थांबतेस. मग हसतेस. मग पुन्हा बोलतेस." त्याने घास तसाच हातात धरला होता. "मधलं मला काहीच ऐकू येत नाही."

"डोंगर आड येत असेल."

"डोंगर आड आला की खरखर येते गं. इथे खरखरही येत नाही. अन् दुसरं म्हणजे... कुणी बोलत असलं की सेटवर हिरवा दिवा लागतो. तू थांबतेस ना, तेव्हा तो लागलेला असतो. माणूस बोलून संपेपर्यंत लागावा तेवढाच वेळ. नुसता दिवा. आवाज नाही."

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं. "मग सेट बिघडला असेल तुमचा."

"मी तो अकरा काढून टाकतो. किंवा स्कॅनच बंद करू. तुला नकोच होतं ते."

"आता हवंय." आवाज चढला तसा त्यांनी तो आवरला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याशी माझ्यासारखं बोलतंय. तेवढंही बघवत नाही का तुम्हाला?"

नवरा दुखावला. त्यानंतर चार दिवस घरात मीठ द्या, दिवा मालवा, एवढंच बोलणं झालं. अकरा नंबर तसाच राहिला आणि चारची सोयही तशीच राहिली.

मग धुक्याचा दिवस आला.

सकाळपासून डोंगर दिसतच नव्हता. जेवणाच्या सुट्टीनंतर तर ढग रस्त्यावरच उतरून बसला. अशा दिवशी धूळ उडत नाही, पण वरच्या छावणीतलं पिण्याचं पाणी संपलं होतं, म्हणून टँकर वर न्यायचा होता. वहिनी निघाल्या. दिव्यांचा उजेड पुढे हातभर जाऊन परत येत होता. काचेवर पाणी साचत होतं आणि वायपर ते नुसतं इकडून तिकडे सारत होता. पाच नंबरची पाटी जवळ येईपर्यंत दिसली नाही.

सेट चारवर थांबला. मामांचा आवाज आला. मामा म्हणजे खाणीतला सगळ्यात जुना डंपरवाला. कधी घाई नाही, कधी चूक नाही.

"मामा, भरलेला, बारावरून उतरतोय. धुकं लई आहे रे बाबांनो, सांभाळून."

"टँकर, पाच सोडला, चढतोय," वहिनींनी सांगितलं. "सहाच्या खिशात थांबते, मामा."

"बरं, पोरी."

त्या सहाच्या खिशात शिरल्या, ब्रेक ओढला, आणि इंजिन चालू ठेवून थांबल्या. कातळातून पाणी ठिबकत होतं. धुकं खिडकीच्या काचेला टेकून उभं होतं. सेट फिरत होता, टिक टिक टिक, कुठेच कुणी बोलत नव्हतं. बराच वेळ गेला. नऊ नंबर यायला हवा होता. आठ यायला हवा होता. मामा पाटी चुकवणाऱ्यातले नव्हते.

सेट थांबला.

"थांबलात?" ती म्हणाली.

वहिनींना हायसं वाटलं. "हो. मामा उतरतायत ना."

"ते गेले की."

"गेले? कधी?"

"आत्ताच. तुमच्या समोरून. धुक्यात कळलं नाही तुम्हाला."

भरलेला डंपर शेजारून जातो तेव्हा जमीन हलते, दात वाजतात. वहिनींना ते ठाऊक होतं. पण काचा बंद होत्या, स्वतःचं इंजिन चालू होतं, आणि मघाशी क्षणभर डोळा लागल्यासारखंही झालं होतं. लागला होता का? सांगता येईना.

"नक्की गेले?"

"या ना. रस्ता मोकळा आहे. मी बघतेय."

वहिनींनी ब्रेक सोडला. तरी रस्त्याचा नियम हाताला लागलेला होता. निघण्याआधी त्यांनी माइक तोंडाशी धरला. "मामा, टँकर सहाच्या खिशातून निघतोय. चढतोय. ऐकलंत का?"

उत्तर लगेच आलं. "ऐकलं. या."

टँकरचं नाक खिशातून बाहेर आलं. पुढची चाकं रस्त्यावर चढली. आणि मग वहिनींना जाणवलं, की उत्तर मामांनी दिलेलं नाही. 'ऐकलं' म्हणणारा आवाज बाईचा होता. त्यांनी सेटकडे पाहिलं. काचेवर अकरा होता. म्हणजे त्या जे बोलल्या ते चारवर गेलंच नव्हतं. रस्त्यावरच्या एकाही माणसाने ते ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं फक्त तिने.

त्यांचा पाय ब्रेककडे गेला, पण जड झाला होता, दुसऱ्याचाच असल्यासारखा.

"या," ती पुन्हा म्हणाली. जरा जवळून. "या ना..."

तेवढ्यात सेटमधून नवऱ्याचा आवाज फुटला. एवढा मोठा, की सेटच फाटतोय असं वाटलं. "अगं थांब! थांब! अकरावर कुणी नाहीये! मामा अजून उतरतायत, थांब!"

वहिनींनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. टँकर जागच्या जागी डचमळला. टाकीतलं पाणी एकदा पुढे आदळलं, एकदा मागे. आणि धुक्यातून, अगदी समोर, दोन पिवळे दिवे आले.

मामांनी हॉर्न दिला नाही, त्याला वेळच नव्हता. त्यांनी डंपर कातळावर घातला. दगडाला लोखंड घासण्याचा तो आवाज वहिनींना पुढे कितीतरी दिवस झोपेत ऐकू येत होता. ठिणग्या उडाल्या, टँकरचा आरसा आणि अर्धं दार उडालं, मागच्या हौद्यातले दगड गडगडत खाली आले. डंपर सात-आठ हात पुढे जाऊन कलला आणि थांबला. मग नुसती वाफेची सूं सूं, आणि डिझेलचा वास.

वहिनींना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मामांचा खांदा मोडला आणि दोन बरगड्या. पण दोघंही जिवंत होते. त्या रस्त्यावर असा प्रसंग घडून दोघंही जिवंत राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्या संध्याकाळी नवऱ्याने टँकरमधला सेट उपटूनच काढला. घरी येऊन दोघं स्वयंपाकघरात बसले. भांडण आता उरलं नव्हतं. वहिनींचा हात धरून तो म्हणाला, "खरं सांगू? स्कॅन नसता, तर तू अकरावर काय बोललीस ते मला ऐकू आलं नसतं. वेळेवर ओरडलो नसतो."

"आणि स्कॅन नसता," वहिनी म्हणाल्या, "तर मी तिच्याशी कधी बोललेच नसते."

तो स्कॅन फायद्यात धरायचा की तोट्यात, हे रेडिओत आयुष्य घालवलेल्या त्या माणसाला सांगता आलं नाही. चारची सोय आपण वेळेवर केली नाही हे मात्र तो विसरू शकला नाही, आणि वहिनींनीही ते कधी बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने टँकरमध्ये एक जुनाच सेट बसवला. एका चॅनेलचा. त्याला फक्त चार ठाऊक. वहिनी पुन्हा कामावर जाऊ लागल्या. केबिनमध्ये आता शांतता असायची.

पंधरवड्याने दोघं मामांना बघायला इस्पितळात गेले. दुपारची वेळ होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं. मामा उशीला टेकून बसले होते, एक हात गळ्यात बांधलेला, पण तोंडावर हसू. नवरा त्यांच्यासाठी संत्रं सोलायला बसला. वहिनींनी माफी मागितली. मामांनी ती हात हलवून उडवून लावली.

"धुक्यात होतं असं. पण एक विचारू का, पोरी? रागावू नको."

"विचारा ना."

"सगळे म्हणतात, मामा पाटीवर बोलला नाही, म्हातारा झाला. मी बोललो होतो. नवावर बोललो, आठवर बोललो. सातावर तर मी थांबूनच विचारलं, टँकर कुठे आहे म्हणून. तू उत्तर दिलंस म्हणून मी ब्रेक सोडला."

नवरा म्हणाला, "मामा, ती त्या वेळी अकरावर होती. चारवर ती बोललीच नाही."

"अरे बाबा, माझ्या गाडीत तुझं ते फिरतं यंत्र नाही. माझा सेट चार सोडून काही ऐकत नाही. मला ऐकू आलं, ते चारवरच आलं. आवाज हिचाच. मी ओळखत नाही का हिचा आवाज?"

"काय म्हणाले मी?" वहिनींनी विचारलं.

"तू म्हणालीस, 'आम्ही दोघी खिशात थांबलोय, मामा. तुम्ही या.'"

शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपेत कण्हला आणि कुशीवर वळला. नवऱ्याचा टेबलावरचा सेट तेवढा वेळ अकरावर अडकून होता. चारवर तेव्हा काय बोललं गेलं, ते त्यालाही सांगता येणार नव्हतं.

मामांनी आवाज खाली आणला. काळजीने, घरच्या माणसाची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "शिकायला घेतलीयेस का कुणी नवीन पोरगी? तिच्याबद्दल कुणी काही सांगेना मला. तिला फार लागलं तर नाही ना गं?"

"नाही, मामा," वहिनी म्हणाल्या. विचार करायला त्यांना जराही वेळ लागला नाही. "ती बरी आहे."

नवऱ्याच्या हातातलं संत्रं अर्धं सोललेलं तसंच राहिलं.